भाजकात कोण?

अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने १९९० साली हरितगृह वायूंचा देशवार हिशेब मांडला आणि पहिल्या पाचांत भारत, चीन, ब्राझील येऊन बसले. त्याला दिल्लीहून अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१मध्ये उत्तर दिलं. ‘ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड’ ही ती छोटी पुस्तिका. सूर चिडलेला, पण मांडणी सरळ.

तिची खरी ताकद एका साध्या भागाकारात आहे. समुद्र आणि जंगलं दरवर्षी बराच कार्बन शोषून घेतात. ही क्षमता कोणाच्या मालकीची? मूळ अहवालाने ज्याचा धूर जास्त, त्यालाच ती जास्त दिली होती. अग्रवाल-नारायण म्हणतात, लोकसंख्येने भागा, माणशी सारखी वाटा. तसं केलं की भारत आपल्या वाट्याच्या आत राहतो, अमेरिका कितीतरी बाहेर जाते. रोज डेटाशी काम करणाऱ्याला हे ओळखीचं आहे: नीती निष्कर्षात येण्याआधीच गृहीतकांत बसलेली असते.

दुसरा मुद्दा आणखी टोकदार. भातखाचरातला मिथेन आणि मोटारीचा धूर एकाच तराजूत का तोलायचे? एक जगण्यासाठीचं उत्सर्जन, दुसरं चैनीचं. वातावरणाला हा फरक कळत नाही, हे खरं. पण जबाबदारी ठरवायची आहे ती माणसांची.

इथपर्यंत पटतं. मी अडतो तो पुढे. माणशी वाटा मागणाऱ्या या पुस्तिकेतही हिशेबाला उभे राहतात ते देशच. तेव्हा ते समजण्यासारखं होतं. वाटाघाटी देशांच्याच होत्या आणि १९९२मध्ये रिओत ‘सामायिक, पण वेगवेगळी जबाबदारी’ हे तत्त्व करारात आलंही. आज मात्र सरासरीच्या सावलीत बरेच जण निवांत बसलेत. भारताचा माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण २ टन, अमेरिकेचा १४च्या आसपास. आपला आकडा इतका लहान कोणामुळे राहतो? हिंजवडीत दिवसभर एसीत बसणाऱ्या माझ्यासारख्यांमुळे नक्कीच नाही. नागपूरच्या मे महिन्यात स्लॅबवर घमेली वाहणाऱ्या बाईमुळे राहतो. तिच्या गरिबीने आपली चैन झाकली जाते आणि उन्हाचा फटका पहिला तिलाच बसतो.

घरातला हिशेब काढला की श्रीमंत देश मोकळे सुटतील, अशी भीती यावर घातली जाते. ती अगदीच पोकळ नाही. पण आपण आरसा पाहिल्याने त्यांचं जुनं देणं रुपयानेही कमी होत नाही. आणि जगणं नि चैन यांतला फरक एकदा मान्य केला, की तो देशाच्या सीमेवर थांबवता येत नाही.

म्हणून पुस्तिका जरूर वाचा, फक्त ‘ते’ आणि ‘आपण’ या शब्दांपाशी जरा थांबा. कोणत्याही धोरणात ती बाई भाजकात मोजली जात असेल आणि लाभात नसेल, तर तो हिशेब अजून १९९०चाच आहे.