पामरची पेढी आणि हैदराबादची कोठी
(१८२४ सालच्या कागदपत्रांचें परीक्षण)

वकिलाच्या अंगास हात लावूं नये, त्याची थैली फोडूं नये, त्याचा जासूद अडवूं नये, हा नियम आपल्याकडील दरबारांत कोणी कायदा करून लिहिलेला नव्हता. परंतु तो मोडणारास कोणी चांगलें म्हणत नसे. निजामाच्या दरबारीं पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांच्याशीं दिवाणानें मर्यादा सोडून केलेलें भाषण १७९५ च्या खर्ड्याच्या मोहिमेच्या कारणांत गणलें जातें, तें याच भावनेनें. इंग्रजांनींही ही भावना चांगली ओळखली होती. जुलै १८१५ मध्यें कंपनीची हमी घेऊन पुण्यास आलेले गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरीं खून झाला, तेव्हां एल्फिन्स्टननें वकिलाच्या अभयाचें तत्त्व पुढें करून त्रिंबकजी डेंगळ्यास पेशव्यांच्या हातून काढून घेतलें. आणि ही ओढाताण वाढत जाऊन जून १८१७ च्या तहांत परदरबारीं वकील ठेवण्याचा पेशव्यांचा हक्कच बुडाला.

हें सर्व मंडळाच्या वाचकांस पाठ आहे. ज्याकडे आपण कमी पाहिलें, तें या नियमाचें दुसरें अंग. वकिलास अभय मिळतें तें त्याच्या धन्याचें काम निर्वेध चालावें म्हणून. त्या अभयाच्या आडोशानें त्यानें किंवा त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांनीं यजमानाच्या खजिन्यांत हात घातला तर त्याला विचारावें कोणीं? १९६१ सालीं व्हिएन्ना येथें झालेल्या करारानें आतां याचें उत्तर लिहून ठेवलें आहे. ४१ व्या कलमानें वकिलानें यजमान राज्याच्या अंतर्गत कारभारांत पडूं नये व वकिलातीची जागा भलत्या कामास लावूं नये असें सांगितलें. ४२ व्यानें त्यास स्वतःच्या नफ्याचा धंदा वर्ज्य केला. ज्या दिवशीं पुण्यांत शास्त्र्यांच्या खुनाचा जाब विचारला जात होता, त्याच दिवसांत हैदराबादेस कंपनीच्या वकिलाच्या छायेखालीं या तिन्ही गोष्टी घडत होत्या. आणि त्यांचा शेवट ज्या मुलखावर आला तो आमचा वऱ्हाड.

या प्रकरणाचें मुख्य छापील साधन म्हणजे विल्यम पामर आणि कंपनी या पेढीच्या निजाम सरकाराशीं झालेल्या देवघेवीसंबंधींचा कागदपत्रांचा जाडजूड संग्रह. तो १८२४ सालीं लंडनांत ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांकरितां छापला गेला व ‘हैदराबादचे कागद’ या नांवानें ओळखला जातो. पुढें के यानें १८५४ त लिहिलेलें मेटकाफचें चरित्र, लायलनें १८७० त केलेलें वऱ्हाडचें गॅझेटियर, एडवर्ड टॉम्सनचें १९३७ चें मेटकाफचरित्र, इतकेंच नव्हे तर मराठींतील वऱ्हाडविषयक बहुतेक लेखन, हीं सारीं कमीअधिक प्रमाणांत याच झऱ्याचें पाणी पितात. म्हणून झरा तपासणें अवश्य आहे.

प्रथम हकीकत. पामर हा जनरल विल्यम पामर याचा मुलगा. हा जनरल १७९८ पासून १८०१ पर्यंत पुण्यास रेसिडेंट होता, व आपल्या जुन्या पत्रांतून तो ‘पामर’ याच नांवानें येतो; त्या शब्दाच्या मराठी अर्थाशीं त्या गृहस्थाचा कांहीं संबंध नाहीं, उलट दरबारी रीतभात जाणणारा असा त्याचा लौकिक होता. त्याची बेगम मुसलमान, उच्च घराण्यांतील. त्या पोटीं झालेला धाकटा विल्यम निजामाच्या लष्करांत होता. तें सोडून त्यानें सावकारी आरंभिली व १८१४ त पेढी उभी केली. भागीदार पाहिले म्हणजे प्रकरणाचा रंग कळतो. पामरचा भाऊ हेस्टिंग्स. बंकटीदास हा गुजराती सावकार. रेसिडेन्सीचा डॉक्टर करी. रेसिडेंट हेन्री रसेल याचा आप्त सॅम्युएल रसेल. आणि पुढें आलेला सर विल्यम रम्बोल्ड, ज्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्स याच्या पालकत्वाखालीं वाढलेली होती. खुद्द हेन्री रसेलचाही त्यांत गुप्त हिस्सा होता असा आरोप झाला. तो खरा मानणारे अभ्यासक आहेत. परंतु तो वगळला तरी उरलेलीं नांवें पुरेशीं बोलकीं आहेत.

१७९७ च्या विलायती कायद्यानें ब्रिटिश प्रजाजनांस देशी राजांशीं परवानगीवांचून कर्जाचा व्यवहार करण्याची मनाई होती. १८१६ सालीं गव्हर्नर जनरलनें या पेढीस ती परवानगी दिली. अट एवढीच कीं, रेसिडेंट विचारील तेव्हां व्यवहाराचें स्वरूप त्यास सांगावें. ज्याच्या घरचा डॉक्टर व आप्त पेढींत, त्यानेंच पेढीस प्रश्न विचारावे! रसेलनें ते विचारले नाहींत, यांत आश्चर्य नाहीं. कोठी हा शब्द येथें ध्यानांत घ्यावा. सावकाराची कोठी आणि इंग्रज वकिलाची कोठी, दोहोंस आपल्याकडे एकच शब्द. हैदराबादेंत तर रेसिडेन्सीच्या भोंवतालच्या पेठेस आजही कोठी म्हणतात. निजामाच्या पैशानें कर्कपॅट्रिकनें बांधलेला तो वाडा, जेथें पुढें स्त्रियांचें महाविद्यालय झालें, त्याच्या आश्रयास असलेली पेढी कोणाची, हें रयतेनें कसें ओळखावें? तिच्या तगादेदारास विरोध करणें म्हणजे कंपनी सरकारास विरोध करणें, असें तालुकदारास वाटलें तर तो दोष तालुकदाराच्या अडाणीपणाचा नव्हे.

पैसा लागत होता तो मुख्यतः फौजेकरितां. रसेलनें निजामाच्या पलटणींतून इंग्रज अंमलदारांखालीं एक ब्रिगेड उभी केली. तीच पुढें हैदराबाद कंटिंजंट झाली. १८०० च्या तहानें तैनाती फौजेकरितां निजामानें मुलूख तोडून दिलाच होता. ही त्याहून निराळी. लढाईच्या वेळीं फौज पुरविण्याचें कलम तहांत होतें, परंतु शांततेंत कायमची अशी फौज पोसण्याचें बंधन नव्हतें, हें पुढें डलहौसीनेंही कबूल केलें आहे. दिवाण चंदुलाल रेसिडेंटाच्या जोरावर टिकलेला. तो नाहीं म्हणेना. पगार पेढीनें द्यावा, पेढीनें शेंकडा चोवीस-पंचवीस व्याज लावावें, आणि फेडीस मुलुखाच्या वसुलावर वराता घ्याव्या, असें चक्र बसलें. त्या वरातांत वऱ्हाडचा वसूल होता. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोंसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला. त्यास पंधरा वर्षें झालीं न झालीं तोंच त्याचें उत्पन्न एका खासगी पेढीकडे वळलें.

१८२० त साठ लक्षांचें नवें कर्ज मंजूर झालें. त्याच वर्षीं मेटकाफ रेसिडेंट होऊन आला आणि त्यानें हिशेब उकरून काढला. त्याच्या म्हणण्याप्रमाणें साठ लक्षांपैकीं आठ लक्ष भागीदारांनीं नजराण्यादाखल आधींच लावून घेतले होते, व उरलेल्यांतही बराच भाग जुन्याच कर्जाचें नवें नांव होता. गव्हर्नर जनरलचा रोष ओढवून घेऊनही त्यानें पाठ सोडली नाहीं. हेस्टिंग्स १८२३ च्या आरंभीं विलायतेस गेल्यावर कंपनीनें पेढीचें देणें भागविलें. पण तें कशांतून? उत्तर सरकारांबद्दल ती निजामास दरसाल जो सात लक्षांचा पेशकश देत असे, तो सुमारें १ कोटी १६ लक्षांवर कायमचा उक्ता करून. म्हणजे वकिलातीच्या आडोशाचा दंड वकिलाच्या धन्यानें भरला नाहीं, यजमानानेंच भरला. १८२४ त पेढी बुडाली.

आतां संग्रहाचें परीक्षण. त्याचा मोठा गुण असा कीं दोन रेसिडेंटांच्या भांडणामुळें जें कधीं कागदावर आलें नसतें तें आलें. परंतु त्याचा दोषही तोच. आरंभापासून शेवटपर्यंत हें दोन इंग्रज पक्षांचें भांडण आहे. रसेलकडील मंडळी म्हणतात पेढीनें राज्य तारलें, मेटकाफ म्हणतो पेढीनें तें खाल्लें. राज्य ज्याचें, तो सिकंदरजाह यांत जवळजवळ मुका आहे. चंदुलाल बोलतो तो ज्याच्यापुढें बोलतो त्याच्या मनासारखें. बंकटीदासाचें खातें, वऱ्हाडांतील तालुकदारांच्या कबुलायती, देशमुख-पाटलांचे जमाखर्च यांचा मागमूस नाहीं. के याच्या चरित्रांत मेटकाफ हा कलंक धुणारा वीर होतो. आणि त्या भरांत एक गोष्ट झांकली जाते. याच मेटकाफनें निजामाच्या जिल्ह्यांतून इंग्रज अंमलदार नेमून जमाबंदीवर देखरेख बसविली. रयतेस त्यापासून कांहीं सुख झालें असेल. पण वकिलाचा अधिकार तो नव्हे. नासिरुद्दौल्यानें १८२९ त गादीवर येतांच ते अंमलदार काढून घेण्यास सांगितलें, यावरून यजमानाचें मत काय होतें तें दिसतें. एक रेसिडेंट व्याजानें शिरला, दुसरा न्यायानें. आम्ही दोघांस एका तराजूंत घालीत नाहीं. मेटकाफचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. परंतु अभयाच्या मर्यादेचा प्रश्न नीतीच्या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि जुन्या चरित्रकारांनीं तो वेगळा ठेवला नाहीं.

अलीकडे, २०१३ सालीं, कॅरन लिओनार्ड या विदुषींनीं एका निबंधांत अगदीं निराळी बाजू मांडली आहे. त्यांच्या मतें ही पेढी इंग्रजांची नसून येथल्याच सावकारी परंपरेंतील होती, आणि तिला केवळ लबाड परक्यांचा अड्डा समजणें हें मेटकाफच्या पक्षाच्या कागदांवर फार विसंबल्याचें फळ आहे. हा इशारा घेण्यासारखा आहे. बंकटीदासास सगळ्यांनीं विसरावें व रम्बोल्डची मात्र पिढ्यान्‌पिढ्या चर्चा करावी, हें खरोखर लाजिरवाणें आहे. व्याजाचे दरही त्या काळच्या दरबारी सावकारींत एकट्या पामरचेच भारी होते असें नाहीं. तरीही आमचें पूर्ण समाधान होत नाहीं. देशी सावकारास राजा बुडवूं शके. ती जोखीम धरूनच सावकार भारी व्याज घेत असे. रेसिडेन्सीचा हात पाठीवर असलेल्या पेढीची जोखीम कमी, आणि व्याज मात्र जोखमीचें! या अंतरांतच अभयाची किंमत आहे, व ती पेढीच्या भागीदारांच्या जातीकुळाच्या चर्चेनें निघत नाहीं.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. पामर गेला तरी कंटिंजंट राहिली. वऱ्हाडचा इजारा पुरणमल सावकाराकडे, मग १८३९ त पेस्तनजी आणि कंपनीकडे गेला. १८४५ त पेस्तनजीचाही हात सुटला. पगार थकले कीं कंपनी आपल्या खजिन्यांतून देई व निजामाच्या नांवें व्याजासह लिही. मात्र सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांत अबकारीचें जें उत्पन्न ती घेई तें निजामाच्या खातीं जमा धरीत नसे. सालारजंगानें पुढें हाच मुद्दा आग्रहानें मांडला. २१ मे १८५३ रोजीं वऱ्हाड कर्ज व फौज यांपोटीं कंपनीच्या हवालीं झाला. १८६० च्या तहांत पन्नास लक्षांचें कर्ज माफ झालें, नळदुर्ग व रायचूर परत गेले, वऱ्हाड राहिला. १९०२ त तो सालीना २५ लक्षांवर कायमच्या पट्ट्यानें घेतला गेला. लायलच्या गॅझेटियरांत या सर्वांचें कारण म्हणून निजामशाहीची अव्यवस्था ठळकपणें येते. ती होतीच. परंतु हिशेबाच्या दुसऱ्या पानावर काय लिहिलें होतें, तें त्या पुस्तकावरून कोणास कळणार नाहीं.

संग्राहकांस विनंति अशी कीं वऱ्हाडांतील दप्तरांत आपण सनदा, महजर व वतनाचे तंटे यांचाच शोध घेतों. सावकारी कागद रद्दींत जातात. येथील पिंपळगांव राजा, खामगांव, मलकापूर, मेहकर या बाजूस जुन्या घरांतून इजाऱ्याच्या याद्या, वराता, तगाद्याचीं पत्रें, वहीखातीं यांपैकीं कांहीं मिळालें तर तें मोडीचें असो कीं फारसीचें, प्रथम सालें पहावीं. या भागांतील कागदांवर बहुधा फसली सन असतो; त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन साधारण निघतो. १२२४ ते १२३३ फसली हीं पामरच्या पेढीचीं वर्षें. त्या सालांच्या कागदांत वसुलाचा पैसा कोणाच्या माणसानें उचलला, वरात कोणाच्या नांवची होती, भरण्यास उशीर झाल्यास तगाद्यास कोण आलें, आणि त्या माणसानें आपण सावकाराकडून आल्याचें सांगितलें कीं कोठीकडून, हें नोंदवून ठेवावें. लंडनच्या छापील संग्रहांत हें कोठेंही नाहीं.

पिंपळगांव राजा