धूळ मोजली, धूर राहिला

तुमच्या शहरात पहाटे रस्ता झाडणारं मशीन फिरताना किंवा चौकात पाण्याचे तुषार उडवणारी गाडी दिसली, तर त्यामागे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा पैसा असू शकतो. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात मुंबई, पुणे, चंद्रपूर धरून महाराष्ट्रातली १९ शहरं आली. सुरुवातीचं उद्दिष्ट होतं, २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत हवेतले कण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के केलं गेलं.

माझा आक्षेप उद्दिष्टाला नाही, मोजपट्टीला आहे.

शहराची कामगिरी जोखली जाते ती पीएम १० वर, म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांच्या एकूण वजनावर. आता वजनच करायचं म्हटल्यावर जाड धूळ भाव खाऊन जाणार! पण फुप्फुसात खोलवर जातात ते २.५ मायक्रॉनच्या आतले कण, आणि ते मुख्यतः जळण्यातून येतात: डिझेल, कोळसा, कचरा, चूल. महापालिकेने झाडू मारला की आकडा हलतो. धूर मात्र तिथेच. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या २०२४ च्या अहवालानुसार या निधीतला ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला. उद्योगांवर? ०.६१ टक्के.

एक गोष्ट मान्य करायला हवी. २०१९ मध्ये पीएम १० मोजण्याची सोय जास्त शहरांत होती, आणि धूळही काही निरुपद्रवी नाही. म्हणजे सुरुवात तिथून होणं समजू शकतं. तिथेच थांबणं नाही.

दुसरी अडचण हद्दीची. औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यातून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडचे वाटेत, हवेतच, बारीक कण बनतात. ते महापालिकेचा नाका बघून थांबत नाहीत. आणि धुराड्यावर महापालिकेचा हुकूम चालतो का? नाही. या वायूवर मर्यादा घालणारे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली.

लॉस एंजेलिसमध्ये हा प्रश्न १९७० च्या दशकातच पुढे आला होता. तिथे चार काउंट्यांचा भाग एका प्रादेशिक प्राधिकरणाखाली आणला गेला, कारण डोंगरांनी अडवलेली हवा सगळ्यांची एकच होती. आपल्याकडे मुंबई, ठाणे, नवी मुंबई, उल्हासनगर एकमेकांना चिकटून आहेत, तरी प्रत्येकाचा कृती आराखडा वेगळा.

तेव्हा 'आमची हवा इतके टक्के सुधारली' असं कुणी सांगितलं, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणते कण? कोणत्या वर्षाच्या तुलनेत? आणि हद्दीबाहेरच्या धुराड्याचं काय केलंत?