करोलबागची झोया

झोया सोलंकीचे गाल गुबगुबीत, केस कुठल्याही कंगव्याला न जुमानणारे आणि घर करोलबागेत. दिल्लीत यातली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड! दक्षिण दिल्लीच्या नाक मुरडणाऱ्या मंडळींत करोलबागचं नाव काढणं म्हणजे मलबार हिलच्या पार्टीत डोंबिवलीचा पत्ता सांगणं. अनुजा चौहान यांच्या ‘द झोया फॅक्टर’ (२००८) या इंग्रजी कादंबरीची नायिका हे सगळं स्वतःच सांगून टाकते, दुसऱ्यानं टोमणा मारायच्या आत.

नायिकेनं स्वतःला हसणं दिसतं तितकं सोपं नाही. एकीकडे तोल गेला की रडगाणं होतं, दुसरीकडे गेला की लाडिकपणा. झोया दोन्ही टाळते. कथा तिच्याच तोंडून येते, त्यामुळे गालांची थट्टा तीच करते आणि त्याच दमात समोरच्या गुळगुळीत, टापटीप माणसांचीही टोपी उडवते. न्यूनगंड आहे, पण तो तिला गप्प बसवत नाही. प्रेम जुळावं म्हणून तिचा कायापालट करण्याच्या भानगडीत लेखिका पडत नाही. आपल्याकडे ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्या वाचत वाढलेल्यांना हे विशेष जाणवेल. तिथे नायिका पहिल्या भेटीतच सुंदर असायची.

चौहान अनेक वर्षं दिल्लीत जाहिरातक्षेत्रात होत्या. पेप्सीचं ‘ये दिल मांगे मोअर’ त्यांचंच. झोयाही जाहिरात कंपनीत नोकरी करते. क्रिकेटपटूंच्या शूटिंगसाठी ती ढाक्याला जाते, भारतीय संघाबरोबर नाश्ता करते आणि संघ जिंकतो. त्यात तिचा जन्म १९८३च्या विश्वचषक विजयाच्या क्षणाचा! मग काय, क्रिकेट मंडळ तिच्या मागे लागतं आणि लोक तिची देवी करतात. अडतो एकटा कप्तान निखिल खोडा. त्याचा विश्वास घामावर, नशिबावर नाही.

कादंबरीची खरी मेख इथे आहे. आयुष्यभर ‘साधी’ ठरलेल्या मुलीला अख्खा देश डोक्यावर घेतो, आणि जो आवडतो त्या निखिललाच या कौतुकाचं वावडं. नशीब आपलं म्हणावं तर त्याचे कष्ट खोटे ठरतात. नाही म्हणावं तर पुन्हा करोलबागची झोया. शिवाय त्याचं प्रेम खरं की त्यामागे काही हिशेब, हाही किडा डोक्यात. हसत हसत चाललेल्या गोष्टीत हा पेच पक्का बसलाय.

‘दोज प्रायसी ठाकूर गर्ल्स’मध्ये (२०१३) चौहान हेली रोडवरच्या न्यायमूर्तींच्या पाच मुली आणतात. अंजिनी, बिनोदिनी, चंद्रलेखा, देबजानी, ईश्वरी: नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं. चौथी देबजानी, हरलेल्यांची कैवारी, सरकारी वाहिनीवर बातम्या वाचते, आणि तिच्यावर खरपूस लिहिणारा पत्रकारच तिच्या प्रेमात पडतो. त्या पत्रकाराच्या कामातून १९८४च्या शीखविरोधी दंगलींची सावली आत येते. कारागिरी इथे अधिक सफाईदार आहे. तरी माझं मत झोयालाच.

तक्रार एकच. चौहान यांचे नायक फारच देखणे, फारच समजूतदार. नायिकेला दिलेल्या खोडी त्यांनाही थोड्या वाटल्या असत्या तर बिघडलं नसतं.

२०१९ मध्ये ‘द झोया फॅक्टर’वर सोनम कपूर आणि दुलकर सलमान यांचा चित्रपट आला. तो पाहिला असेल तर बाजूला ठेवा आणि पुस्तक उघडा. झोयाचा आवाज तिथेच ऐकू येतो.