खवल्यांवरचे शहर

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे लागन नदीच्या धक्क्यावर जॉन काइंडनेस या शिल्पकाराने १९९९ साली दहा मीटर लांबीचा सॅमन मासा उभा केला. लोक त्याला नुसते ‘बिग फिश’ म्हणतात. कारखाने आणि सांडपाणी यांनी नासवलेल्या या नदीत मासे परत आले, त्याची ही खूण. समुद्रात वाढून अंडी घालायला जन्मनदीकडे परतणे, हा सॅमनचा स्वभावच.

माशाची कातडी छापील निळ्या-पांढऱ्या फरशांची आहे. तिच्यावर शहराचा इतिहास आहे: जुने मजकूर, चित्रे, वर्तमानपत्रांचे मथळे. शाळकरी मुलांचाही त्याला हातभार लागला. पोटात कालकुपी आहे.

आम्हाला मोलाचे वाटते ते हे की, हा मासा कुठल्याच मोहल्ल्याचा नाही. ज्या शहरात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक वस्त्यांनी भिंतींवर आपापले वीर रंगवले, तिथे १९९८च्या शांतता करारानंतर वर्षभराने हे शिल्प आले. भिंत दुरूनच दरडावते. मासा मात्र जवळ बोलावतो, वाचत वाचत भोवती फिरायला लावतो. आयरिश दंतकथेतल्या ज्ञानी सॅमनची चव घेताच सारे ज्ञान मिळे. इथे तेवढी सवलत नाही!

पण खवल्यांवर माणसांचीच गर्दी झाली आहे. नदीने परत आणलेल्या जिवाला शहराची वही केले. दोन-चार फरशा कोऱ्या सोडल्या असत्या तरी आम्हाला चालले असते.