बिनमथळ्याची गाणी : डहाणू-तलासरीतील वारली गायन आज

जपानी गाण्यांची यादी उघडली की ती अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने सुरू होते आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशी पुढे जाते. आपल्या बाराखडीवर वाढलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून ही मांडणी तिकडे रुजली. कराओकेसाठी गाणे शोधायचे तर पहिले अक्षर पुरते. कारुता या कवितांच्या पत्त्यांच्या खेळात तर पहिल्या अक्षरावरच हार-जीत ठरते. शंभर कवींच्या शंभर कवितांपैकी सातच अशा आहेत, ज्यांच्या पहिल्या अक्षराने दुसरी एकही कविता सुरू होत नाही. ती अक्षरे मु, सु, मे, फु, सा, हो आणि से. वाचणाऱ्याने ‘मु’ उच्चारला की मुरलेल्या खेळाडूचा हात पत्त्यावर पडलेला असतो.

आपल्यालाही हे नवे नाही. तुकोबांच्या गाथेच्या शेवटी अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची असते आणि कीर्तनकाराचे बोट आधी तिथे जाते. त्याही मागे, तेराव्या शतकात, महानुभाव कवयित्री महदंबेने ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ रचले ते मुळाक्षरांच्या क्रमाने. त्याच महदंबेने रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यासाठी धवळे रचले. अक्षरांचा क्रम आणि लग्नातले गाणे, दोन्ही एकाच बाईच्या तोंडी होते.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या वारली पाड्यांवर लग्नविधी चालवणारी बाई आजही धवलेरीच आहे. तिची गाणी मात्र कुठल्याही अकारविल्हे यादीत बसत नाहीत. त्यांना मथळा नाही. पहिली ओळही पक्की नाही, कारण गाणारी समोर कोण बसले आहे ते पाहून सुरुवात करते. कधी देवाला हाक, कधी नवरीला, कधी नुसता ‘गो’ किंवा ‘रं’. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची, तेवढ्यात पुढची ओळ पहिलीला सुचलेली असते. पहिल्या अक्षराने यादी करू गेले तर निम्मी गाणी एकाच अक्षराखाली गोळा होतील आणि त्यातले एकही सापडणार नाही.

ही अडचण संग्राहकाची आहे, गाणाऱ्यांची नाही. पण आज गाणे जगते की मरते हे बऱ्याच अंशी संग्राहक ठरवतो, आणि सर्वांत मोठा संग्राहक आता मोबाइलमध्ये आहे. व्हिडिओ चढवायचा तर मथळ्याची चौकट भरावीच लागते. त्यामुळे मथळा देता येण्याजोगी गाणी वर आली आहेत. बँजो पार्टीच्या ठेक्यावरची, कॅसिओवर तारपा या फुंकवाद्याचा आवाज काढून केलेली, तीन-चार मिनिटांत संपणारी, नाचायला सोपी. ही गाणी वाईट आहेत असे मी अजिबात म्हणणार नाही. वारली बोलीत तरुण पोरे शब्द रचतात, पोरी गातात, हळदीच्या रात्री सगळा पाडा त्यावर नाचतो, ही बोली जिवंत असल्याची खूण आहे. ज्या शाळकरी मुलाला वर्गात आपली बोली बोलायची लाज वाटते, तो स्पीकरवर तीच बोली ऐकून मान वर करतो. माझी तक्रार एवढीच की या भरभराटीकडे पाहून वारली गाणे सुखात आहे असे आपण समजतो. सुखात आहे ते नाचाचे गाणे. विधीचे गाणे गप्प होत चालले आहे.

ते गाणे असते कसे, ते लग्नघरातच पाहावे. भिंत गेरूने सारवलेली. सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात काडी बुडवून चौक काढतात. आधी चौकोन, मग कडेच्या नक्षीच्या ओळी, मग आत पालघाट देवी. चौक भरत जातो तशी धवलेरी देवांना एकेक करून बोलावत जाते. गाणे थांबले तर चौक नुसते चित्र उरते, त्यात देव आलेला नसतो, अशी श्रद्धा आहे. म्हणजे इथे चित्र आणि गाणे ही दोन वेगळी कामे नाहीत. हात आणि गळा मिळून एकच काम करतात, आणि ते बायकांचे काम आहे.

1970च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रे शहरापुढे आणली. डहाणूजवळच्या गंजाडच्या कळंबीपाड्यातले जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर, कापडावर नेली आणि स्वतःच्या प्रतिभेने कुठच्या कुठे पोचवली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. जपानात निइगाता प्रांतातल्या तोकामाची इथे मिथिला संग्रहालय आहे, तिथे मधुबनीबरोबर वारली चित्रेही जपली आहेत. मशे यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण भिंतीवरून कागदावर जाताना चित्र एकटेच गेले. चितारणारे बहुतेक पुरुष झाले, चित्राखाली सही आली, चित्राला नाव आले, किंमत आली. धवलेरी मागे लग्नघरातच राहिली. जपानपर्यंत पालघाट पोचली, तिला बोलावणारा आवाज पोचला नाही. वारली चित्रकलेवर एवढे लिहिले गेले, त्यात ही उणीव फार थोड्यांना बोचली याचे मला वाईट वाटते.

तारप्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. दुधी भोपळ्याच्या पोकळीत फुंकर साठते, तिथून ती बांबूच्या दोन नळ्यांत जाते आणि ताडाच्या पानांच्या लांब कर्ण्यातून बाहेर पडते. सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणारा श्वास तोडत नाही, नाकाने घेत तोंडाने फुंकत राहतो, म्हणून सूर अखंड चालतो. शब्द नसल्यामुळे तारप्याला भाषेची अडचण नाही. जागतिक आदिवासी दिनी, 9 ऑगस्टला, मिरवणुकीच्या पुढे तो असतो, पाहुण्यांच्या स्वागताला असतो, दुकानातल्या प्रत्येक वारली पिशवीवर त्याच्याभोवतीच्या नाचाचा गोल असतो. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वादकांमुळे त्याला मानही मिळाला. तरी स्वागताचा तारपा पाच मिनिटांत आटोपतो, आणि नव्या भातानंतरच्या रात्री पाड्यावर वाजणारा तारपा पहाटेपर्यंत चाली बदलत राहतो. दोन्हींना आपण एकच नाव देतो, म्हणून दुसरा कमी होत चालल्याचे लक्षात येत नाही. भगताच्या घांगळी या तंतुवाद्यावर गायली जाणारी, कणसरी या धान्यदेवीची लांबलचक कथा तर अजून दुर्मीळ. ती ऐकायला रात्र द्यावी लागते, आणि रात्र द्यायला आता कोणी तयार नाही.

लेखी काम झालेच नाही असे नाही. के. जे. सावे यांचा वारल्यांवरचा इंग्रजी ग्रंथ 1945 सालचा. त्याच वर्षी 23 मे रोजी तलासरीतल्या झरी गावी वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराचे लग्नगडी, म्हणजे वेठबिगार, होत. धवलेरीची गाणी त्या लग्नांतही गायली गेली असणार, हे मनात धरून ती ऐकली पाहिजेत. पुढे कविता महाजन यांनी वारली लोकगीतांचे पुस्तक केले. बाहेरून येऊन बोलीचा कान कमावणे सोपे नसते, ते त्यांनी केले. पण छापील पानावर चाल उतरत नाही, दोन ओळींमधला दम उतरत नाही, कोणी उचलले आणि कोणी झेलले ते दिसत नाही.

नमुना शोधायला दूर जायला नको. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकारी बायकांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांची विभागणी विषयावर आहे, आणि प्रत्येक ओवीशी गाणाऱ्या बाईचे नाव, गाव जोडलेले आहे. 1990च्या दशकापासून त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. वारली गाण्यांना हीच वाट योग्य आहे, थोडी पुढे नेलेली. सूची प्रसंगाची हवी. देव बोलावण्याचे, हळदीचे, पाठवणीचे, गौरीनाचाचे, पेरणीचे, कणसरीचे. प्रत्येक नोंदीत गाणारीचे नाव, पाडा, तिने ते कोणाकडून घेतले ते, आणि त्या रात्री कोण हजर होते ते. मथळा नसला तरी चालेल. नाव नसलेले चालणार नाही.

हे काम मुंबई-पुण्याच्या संस्थेची वाट पाहत थांबू नये. डहाणू, तलासरीच्या महाविद्यालयांत वारली घरांतली मुले-मुली शिकत आहेत. बोली त्यांची, फोन त्यांच्या खिशात, धवलेरी त्यांची आजी किंवा आत्या. मराठी विभागाने प्रकल्पाचे गुण यासाठी द्यावेत. मुलांनो, येत्या लग्नसराईत आधी धवलेरीची परवानगी घ्या. विधीतले काही बाहेर न्यायचे नाही असे ती म्हणाली तर तेवढे नेऊ नका. बाकीचे मधेच न तोडता, चौकाच्या पहिल्या रेघेपासून शेवटपर्यंत, पूर्ण मुद्रित करा. मग ते तिला ऐकवा, चुकले ते तिच्याकडून दुरुस्त करून घ्या, आणि तिचे नाव सगळ्यात वर लिहा.