मुक्ति कीं उपशम?

वाङ्मयाच्या समालोचकानें आहारशास्त्राच्या प्रांतांत पाऊल टाकावें काय, अशी शंका कोणी घेतील. परंतु जें वाचून सहस्रावधि माणसें आपलें ताट बदलतात, तें वाङ्मय नव्हे तर काय? २०१८ च्या सुमारास ‘दीक्षित कीं दिवेकर’ हा प्रश्न महाराष्ट्रांत घरोघर विचारला गेला. एखाद्या कादंबरीवर इतक्या आवेशानें वाद झाल्याचें अलीकडे आमच्या पाहण्यांत नाहीं.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचें प्रतिपादन कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आलेलें आहे, आणि तें ऋण ते उघडपणें मान्य करतात. प्रत्येक खाण्यासरशीं शरीरांत इन्सुलिन स्रवतें, तें वरचेवर स्रवत राहिलें कीं चरबी सांठते; म्हणून खरी भूक ओळखून दोनच वेळां जेवावें, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावें व रोज ४५ मिनिटें चालावें, असा त्यांचा मार्ग आहे. ऋजुता दिवेकरबाईंचा मार्ग याच्या उलट दिशेचा. त्यांच्या २००९ मधील इंग्रजी पुस्तकानें थोडें थोडें, दर दोन तासांनीं खावयास सांगितलें; तूप, भात, केळें यांविषयींची भीति टाकून द्या, असा त्यांचा आग्रह आहे. एकाचें लेखन नियमाचें, दुसऱ्याचें आश्वासनाचें. घरचें अन्न खावें, अंग हलवावें, भुकेची खूण ओळखावी, यांत उभयतांचें दुमत नाहीं. परंतु अनुयायांनीं यांतील घड्याळ तेवढें उचललें, आणि ताटांत काय असावें हा मूळ प्रश्न मागें पडला.

वस्तुतः तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या आहारांतील सुमारें ६२ टक्के ऊर्जा पिष्ट व शर्करा यांतून येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ मध्यें सांगितलें कीं धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपलीकडे जाऊं नये. चरकानेंही प्रमेहाच्या कारणांत बैठें सुख, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केलेली आहे. आमच्या कराडासारख्या, उसाच्या मळ्यांनीं वेढलेल्या आणि रेठऱ्याच्या साखर कारखान्याच्या शेजारीं वसलेल्या गांवांत, जेथें पाहुण्यानें गोड चहा नाकारणें हा यजमानाचा उपमर्द मानला जातो, तेथें हें कळावयास मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं.

आमचा मुख्य आक्षेप एका शब्दावर आहे. ‘मधुमेहमुक्ति’ हा शब्द हल्लीं सर्रास वापरला जातो. मुक्ति म्हणजे जेथून परत येणें नाहीं ती अवस्था. रोगाची गोष्ट तशी नाहीं. ब्रिटनमध्यें प्रा. लीन व प्रा. टेलर यांनीं रोग्यांना वैद्यांच्या देखरेखीखालीं तीन ते पांच महिने दिवसाला सुमारें ८५० उष्मांकांचा आहार दिला, आणि तुलनेस दुसरा गट ठेवला. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें वर्षअखेर ४६ टक्के रोग्यांची साखर औषधांवांचून आटोक्यांत आली. दुसऱ्या वर्षाअखेर हें प्रमाण ३६ टक्क्यांवर उतरलें. हें यश थोडें नाहीं, पण तें टिकवावें लागतें. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मंडळानें औषधें थांबविल्यावर निदान तीन महिन्यांनीं एच्‌बीए१सी ६.५ टक्क्यांखालीं असल्यास जी संज्ञा वापरली, तिचा अर्थ ‘उपशम’ असा होतो, ‘मुक्ति’ असा नव्हे. ज्याला मुक्ति मिळाली असें वाटतें तो तपासणी सोडतो. ज्याला उपशम झाला असें समजतें तो ती चालू ठेवतो. शब्दाच्या निवडीवर येथें डोळे आणि मूत्रपिंडें अवलंबून आहेत.

दुसरें असें कीं, दीक्षित स्वतः आधीं रक्ततपासणी करावयास सांगतात. परंतु कानोकानीं पसरणाऱ्या उपदेशांत ही अट गळते. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्यानें वैद्याला न विचारतां एक जेवण गाळलें, तर साखर धोक्याच्या खालीं जाऊं शकते. ‘मला गुण आला’ असें सांगणारे सभेंत उभे राहतात. ज्यांना आला नाहीं ते घरींच बसतात. अशा साक्षींवर शास्त्र उभें राहत नाहीं.

शेवटीं, हें वाङ्मय कोणाला उद्देशून आहे? ज्याच्यापुढें निवडीस अन्न आहे त्याला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सामान्य लाभार्थ्यास दरमहा माणशीं ५ किलो धान्य दिलें. डाळीचा हक्क त्यांत नाहीं. दोनच वेळां जेवण्याचा नियम ज्या ऊसतोड मजुराला परिस्थितीनेंच लावलेला आहे, त्याला ‘भाकरी कमी, डाळ जास्त’ हा उपदेश कोणत्या तोंडानें करावा? या दोन्ही लेखकांनीं मराठी माणसास आपल्या खाण्याचा विचार करावयास लावलें, हें श्रेय आम्ही आनंदानें देतों. पण ज्याला डाळ परवडत नाहीं असा वाचक जोंवर या पुस्तकांच्या कक्षेंत येत नाहीं, तोंवर तीं अर्ध्याच समाजाचीं पुस्तकें राहतील, असें आमचें मत आहे.