अपेक्षा, स्वाध्याय आणि वाचन : अमेरिकन हायस्कूलमधील इंग्रजी साहित्याच्या वर्गाची चिकित्सा

प्रास्ताविक

अमेरिकन हायस्कूलमधील इंग्रजी साहित्याच्या वर्गाविषयीचे वाद बहुधा पुस्तकांच्या यादीभोवती फिरतात. कोणती कादंबरी नेमावी, कोणती वगळावी, यादीत कोणाला स्थान नाही, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. आर्थर ॲपलबी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सर्वाधिक शिकविल्या जाणाऱ्या पहिल्या दहा ग्रंथांत 'रोमिओ अँड ज्युलिएट', 'मॅक्बेथ', 'ज्युलियस सीझर', 'हकलबेरी फिन', 'द स्कार्लेट लेटर', 'द ग्रेट गॅट्सबी' अशी परिचित नावे आढळली. त्या दहांत हार्पर ली या एकट्याच लेखिका होत्या आणि कृष्णवर्णीय लेखक एकही नव्हता. या यादीवर झालेली टीका रास्त होती. मात्र विद्यार्थ्याच्या हाती काय दिले एवढेच यादीवरून कळते. त्याच्याकडून काय मागितले, हे तिच्यावरून कळत नाही. एकच कादंबरी दोन वर्गांत नेमली असता एका वर्गात ती वाचली जाते आणि दुसऱ्या वर्गात केवळ वापरली जाते. हा फरक स्वाध्यायातून, म्हणजे विद्यार्थ्याने वर्षभर करावयाच्या लेखनकार्यातून निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या मागणीचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मागणीचा उगम

या मागणीचा इतिहास महाविद्यालयांपासून सुरू होतो, हे प्राध्यापकवर्गाने ध्यानात घेण्याजोगे आहे. हार्वर्ड महाविद्यालयाने १८७४ पासून प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांकडून एक छोटा इंग्रजी निबंध मागण्यास प्रारंभ केला. निबंधाचा विषय आधी जाहीर केलेल्या ग्रंथांतून निवडला जाई. त्या ग्रंथांत शेक्सपिअरची नाटके, स्कॉटची 'आयव्हॅनहो' आणि गोल्डस्मिथची 'द व्हिकार ऑफ वेकफिल्ड' यांचा समावेश होता. परंतु तपासले जाणार होते ते शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि अभिव्यक्ती. ग्रंथ हे लेखनाचे निमित्त होते. त्याच्या वाचनाची परीक्षा कोणी घेत नव्हते. अन्य महाविद्यालयांनीही याद्या काढल्या, त्या एकसमान करण्याचे प्रयत्न झाले आणि हायस्कूलचा इंग्रजीचा तास या याद्यांच्या दावणीला बांधला गेला. १९११ मध्ये शिकागो येथे इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तिच्यामागे या महाविद्यालयीन वर्चस्वाविरुद्धचा असंतोष हे एक प्रमुख कारण होते. म्हणजे ज्या संस्थेला आज शिक्षकांची प्रातिनिधिक संघटना मानले जाते, तिचा जन्मच 'वरून आलेल्या अपेक्षां'च्या विरोधात झाला.

पुढे १९३८ या एकाच वर्षी दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. क्लिअंथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या 'अंडरस्टँडिंग पोएट्री'ने संहितेचे सूक्ष्म वाचन वर्गात आणले. लुईझ रोझेनब्लॅट यांच्या 'लिटरेचर ॲज एक्सप्लोरेशन'ने साहित्याचा अर्थ वाचक आणि संहिता यांच्या व्यवहारातून घडतो, ही भूमिका मांडली. या दोन भूमिका परस्परविरोधी मानण्याची प्रथा आहे. पण काळजीपूर्वक वाचन ही दोहोंचीही पूर्वअट आहे. हायस्कूलच्या वर्गाने पहिल्या भूमिकेतून परिभाषा उचलली आणि दुसरीतून शब्दप्रयोग. प्रतीक, स्वर, निवेदनदृष्टी या संज्ञा स्वाध्यायात आल्या आणि 'वैयक्तिक प्रतिसाद' हा शब्द उद्दिष्टांच्या परिच्छेदात जाऊन बसला.

निकषपत्रिका आणि 'हकलबेरी फिन'

आजच्या मागणीचे स्पष्ट रूप कॉलेज बोर्डाच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत दिसते. हिचा आरंभ १९५० च्या दशकातील. या अभ्यासक्रमात सक्तीची ग्रंथयादी नाही, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परीक्षेत तीन निबंधांसाठी १२० मिनिटे असतात आणि एकूण गुणांपैकी ५५ टक्के वजन या निबंधांना असते. २०१९-२० पासून प्रत्येक निबंध सहा गुणांच्या निकषपत्रिकेनुसार तपासला जातो : प्रतिपाद्य विधानास एक गुण, पुरावा व त्यावरील भाष्य यांस चार, आणि विचाराच्या परिपक्वतेस एक. त्यापूर्वी नऊ गुणांच्या श्रेणीने निबंधाचे समग्र मूल्यमापन होत असे. नव्या पद्धतीत गुण कोठे मिळतात हे विद्यार्थ्याला कळते, हा निःसंशय लाभ आहे. पण परीक्षेतील निबंधाचा साचा वर्षभराच्या स्वाध्यायावर पसरतो आणि तेथून खालच्या इयत्तांत झिरपतो. तेथे तो पाच परिच्छेदांच्या ठरीव निबंधाशी सहज जुळतो : आरंभी विधान, मध्ये तीन पुरावे, अखेरीस विधानाची पुनरुक्ती.

या साच्यातून वाचनाचे काय होते, हे पाहण्यासाठी मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'चे उदाहरण पुरेसे आहे. एकतिसाव्या प्रकरणात हक पळालेल्या जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र लिहितो आणि अखेर फाडून टाकतो. यावर विद्यार्थ्याचे सहज सुचणारे प्रतिपाद्य असे : हकचा नैतिक विकास होतो आणि गुलामगिरी अन्याय्य असल्याचे त्याला उमगते. विधान ठाम आहे, त्यावर दुमत होऊ शकते, आणि तराफ्यावरील प्रसंगांतून तीन पुरावेही सहज मिळतात. निकषपत्रिकेच्या दृष्टीने निबंधाचा पाया भक्कम आहे.

परंतु संहिता असे म्हणतच नाही. गुलामगिरी अन्याय्य आहे, असा निष्कर्ष हक कोठेही काढत नाही. आपण पाप करीत आहोत, त्याबद्दल आपणास नरकवास भोगावा लागेल, अशी त्याची खात्री आहे. तरीही तो पत्र फाडतो. ट्वेनचा उपरोध येथेच आहे. समाजाने घडविलेली सदसद्विवेकबुद्धी हकला चुकीच्या बाजूला ओढते आणि तिला दाद न देणे हेच त्याचे सत्कृत्य ठरते. 'उमगले' हे एक क्रियापद लिहिताच हा सारा पेच नाहीसा होतो. शिवाय कादंबरीची अखेरची प्रकरणे उरतातच. तेथे टॉम सॉयर जिमच्या सुटकेचा लांबलचक खेळ मांडतो आणि हक त्यात सामील होतो. जिमला मिस वॉटसनने मृत्युपत्राद्वारे आधीच मुक्त केल्याचे टॉमला ठाऊक असते. हकचा नैतिक विकास झाला असेल, तर जिमची ही विटंबना तो का चालू देतो? कादंबरी वाचलेल्या कोणालाही हा प्रश्न पडावा. पण तीन पुराव्यांच्या साच्यात विरुद्ध पुराव्याला जागा नाही. म्हणून विद्यार्थी अखेरची प्रकरणे गाळतो. ती त्याने वाचलेली नसतात असे नाही. वाचल्याचा त्याला उपयोग नसतो, इतकेच.

निकषपत्रिकेत विरोधाभास व गुंतागुंत यांच्या जाणिवेला स्थान आहे, असे उत्तर यावर दिले जाते. ते खरे आहे. परिपक्वतेचा तो एक गुण त्यासाठीच आहे. मात्र जी गोष्ट वाचनाचा प्राण आहे, ती सहांपैकी शेवटच्या आणि दुर्मीळ गुणात ठेवली, की शिक्षक पहिल्या पाचांची तयारी करून घेतो. त्याला दोष देता येत नाही.

स्पष्टतेची बाजू

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये 'हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू'मधील लेखात दाखवून दिले, की वर्गातील अलिखित नियम ज्यांना घरातून मिळत नाहीत अशा मुलांना ते उघडपणे शिकविलेच पाहिजेत. 'स्वतःला वाटेल ते लिहा' हे औदार्य प्रत्यक्षात त्यांच्यावर अन्याय करते. या युक्तिवादाला बगल देऊन निकषपत्रिकेवर टीका करणे हा सुस्थितांचा चैनीचा उद्योग ठरेल. अपेक्षा स्पष्ट असाव्यात, यात शंका नाही. अडचण ही, की साचा स्पष्ट केला जातो आणि साच्याबाहेरचे मात्र अलिखितच राहते. मत कसे बनते, संहितेतील एखादा प्रसंग आड आल्यावर ते कसे बदलावे, संदेह वाक्यात कसा मांडावा, हे कोणी पायरीपायरीने शिकवीत नाही. परिपक्वतेचा गुण मग घरी पुस्तके आणि संभाषण असलेल्या मुलांकडे जातो. डेल्पिट यांचे म्हणणे मान्य केले, तर नेमके हेच उघड करून शिकवावे लागेल.

शिक्षकाच्या वेळेचा हिशेबही मांडला पाहिजे. पाच तुकड्या आणि प्रत्येकीत २८ विद्यार्थी धरले, तर एका स्वाध्यायाचे १४० निबंध होतात. निबंधाला दहा मिनिटे दिली तरी तेवीस तासांहून अधिक वेळ लागतो, तोही अध्यापन सांभाळून. साचा टिकून राहण्याचे कारण सिद्धान्तापेक्षा या गुणाकारात अधिक आहे.

संक्षिप्त टिपांची बाजारपेठ याच परिस्थितीवर पोसली गेली. क्लिफ्टन हिलेगास यांनी १९५८ मध्ये नेब्रास्कातून शेक्सपिअरवरील पुस्तिकांनी 'क्लिफ्स नोट्स'चा आरंभ केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सार्वजनिक झाल्यानंतर हकच्या नैतिक विकासावरचा निबंध काही क्षणांत मिळू लागला. यंत्राला तो इतका सहज जमतो, ही गोष्ट यंत्रापेक्षा त्या स्वाध्यायाविषयी अधिक सांगते.

इकडचा अनुभव आणि एक पर्याय

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेचे रसग्रहण मागितले जाते आणि त्यासाठी शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे पुरविले जातात. मुद्दे भरले की रसग्रहण होते. कविता आवडली नसल्यास काय करावे, याची सोय नाही. मराठी विद्यार्थ्याला 'अपेक्षित' हा शब्दच मुळी प्रश्नसंचाच्या रूपाने भेटतो. तो पुढे प्रथम वर्ष कला शाखेत येतो, तेव्हा त्याच्या वहीत टीप असते आणि टिपेपूर्वीचे वाचन नसते, अशी तक्रार प्राध्यापक करतात. हार्वर्डचा १८७४ चा दाखला लक्षात घेता ही तक्रार करताना प्राध्यापकांनी थोडे संकोचावे हे बरे.

पर्याय खर्चिक नाही. 'हकलबेरी फिन'वर एक दीर्घ निबंध मागण्याऐवजी तीन लहान लेखने मागता येतात. एकतिसावे प्रकरण संपल्यावर, पुढचे न वाचता, हकच्या निर्णयाविषयी एक पृष्ठ. कादंबरी संपल्यावर दुसरे पृष्ठ. त्यात पहिल्या पृष्ठातील कोणते वाक्य आता टिकत नाही ते अवतरण देऊन सांगायचे. तिसऱ्यात, जे वाक्य टिकले त्याच्या विरोधात जाणारा सर्वांत बळकट प्रसंग निवडून त्याला उत्तर द्यायचे, किंवा उत्तर नसल्याचे मान्य करायचे. पहिले पृष्ठ तपासण्याची गरज नाही, केवळ ते वर्गात लिहून जमा व्हावे. गुण दुसऱ्या आणि तिसऱ्यास. अशा स्वाध्यायात पुरावा, भाष्य आणि विधान हे सर्व येते. फक्त विधान आरंभी न येता वाचनाच्या ओघात येते.

अर्थात मे महिन्यातील परीक्षेत तीन निबंधांच्या १२० मिनिटांतून प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसच मिनिटे येतात. तिसाव्या मिनिटाला ज्याचे मत बदलले, त्याने उरलेल्या दहा मिनिटांत आरंभीचे विधान खोडावे की पूर्वीच्याच मताने निबंध पुरा करावा, याचे उत्तर निकषपत्रिकेत नाही.